कंपोस्ट टी आणि ई. कोलाय: पंप काय करतो, काय करत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे: गच्चीवर २० लिटरच्या बादलीत घरच्या ओल्या कचऱ्याचं कंपोस्ट, ओळखीच्या गोठ्यातून आणलेलं थोडं शेणखत आणि २०० ग्रॅम गूळ घालायचा, फिशटँकच्या पंपाने दीड-दोन दिवस हवा सोडायची आणि तयार झालेला कंपोस्ट टी कोथिंबीर, पुदिना, पालक, टोमॅटोवर फवारायचा. घरात दोन वर्षांचा नातू आहे. ई. कोलाय, म्हणजे आतड्यात राहणारा आणि काही प्रकारांत आजारी पाडणारा जंतू, याबद्दल कुठेतरी वाचलं आणि धास्ती बसली. पंप अखंड चालू असतो, वासही मातीसारखा छान येतो, मग धोका कसला? आणि असलाच तर शेवटी थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड घातलं तर चालेल का?

पेरॉक्साइडचा विषय आधी संपवतो, कारण तो सोपा आहे. नका घालू. पेरॉक्साइडला चांगला जंतू आणि वाईट जंतू यांतला फरक कळत नाही. त्यातून कंपोस्ट टी गढूळ असतो. त्यातला सेंद्रिय गाळच बरंचसं पेरॉक्साइड खाऊन टाकतो, आणि उरलेलं मोडून काढायचं विकर (एन्झाइम) बऱ्याच जंतूंकडे असतंच, ई. कोलायकडेही. म्हणजे थोडं घातलं तर खात्री नाही, आणि खात्री वाटेल इतकं घातलं तर फवारण्यासारखं बादलीत काही उरणार नाही. ब्लीच, पोटॅशियम परमँगनेट, उकळणं, सगळ्यांची गत हीच. वाढवून ठेवलेल्या जंतूंतून नको असलेले तेवढे वेचून मारायची सोय कुणाकडेच नाही.

तुम्ही ‘वाईट जंतू मारायचे कसे’ असं विचारलंय. माझ्या मते खरी अडचण अशी की कंपोस्ट टी बनवण्याच्या पूर्ण कृतीत मारणारी पायरीच नसते. दही लावताना आपण विरजण घालतो तेव्हाही जंतूच वाढवत असतो. पण दूध आधी तापवलेलं असतं, आणि दही लागत जातं तसं ते आंबट होतं. त्या आंबटपणात बहुतेक रोगजंतूंची वाढ अडते. कंपोस्ट टीचा सामू (पीएच) सातच्या आसपास, बऱ्याचदा थोडा वरच राहतो. तो आंबत नाही, तापतही नाही. कोमट, उदासीन, अन्नाने भरलेलं पाणी असतं ते, आणि अशा पाण्यात जो आत शिरेल तो वाढतो. त्यामुळे काळजी घ्यायची ती बादली भरण्याआधी आणि बादली रिकामी करताना. मधल्या दीड-दोन दिवसांत एकच करता येतं: वाढीला खतपाणी न घालणं.

आता पंप. अमेरिकेत १९९० च्या दशकापासून हवा सोडून बनवलेल्या कंपोस्ट टीचा मोठा प्रसार झाला. मृदाजीवशास्त्रज्ञ इलेन इंगहॅम यांचा त्यात मोठा वाटा. त्या लाटेत बागवाल्यांच्या तोंडी एक ढोबळ नियम बसला, की हवा असेल तर चांगले जंतू वाढतात आणि हवा नसेल तर वाईट. दुर्गंधी आणणाऱ्या जंतूंपुरता तो बऱ्यापैकी खरा आहे. ई. कोलाय आणि त्याच्यासारखाच आतड्यातला रोगजंतू साल्मोनेला मात्र दोन्हीकडे राहतात. प्राणवायू नसलेल्या आतड्यात त्यांचं चालतं आणि प्राणवायू असला तर ते आणखी जोमाने वाढतात. पंपाचे बुडबुडे त्यांच्या वाटेत येत नाहीत.

मग पंप कशाला? तो निरुपयोगी नाही. हवा कमी पडली की बादलीत अल्कोहोल आणि आम्लं तयार होतात, ती कोवळ्या मुळांना पोळतात, आणि घाण वास सुटतो तो वेगळाच. शिवाय आपल्याकडचा उन्हाळा लक्षात घ्या. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. तेच पाणी ३५ अंशांवर गेलं की ७ सुद्धा मावत नाही. उलट जंतूंची भूक उष्णतेने वाढते. एप्रिलमध्ये गच्चीवर उन्हात ठेवलेली बादली छोट्या पंपाला आवरत नाही. परदेशी व्हिडिओत ‘२४ ते ३६ तास’ सांगतात ते थंड हवेतलं गणित आहे. आणि ३५ अंश म्हणजे आतड्यातल्या जंतूला जवळजवळ घरच.

वासाबद्दलही याच ओघात सांगतो. घाण वास आला तर बादली बिघडली, हे नक्की. पण छान वास आला म्हणजे बादली सुरक्षित, असं होत नाही. साल्मोनेला असलेल्या बादलीलाही पावसाच्या पहिल्या सरीसारखा वास येऊ शकतो, कारण तो वास वेगळ्याच जंतूंचा असतो. नाकावर विसंबून फवारणारे माझ्या ओळखीत पुष्कळ आहेत, नाकाबद्दल त्यांचा फार अभिमानही असतो.

आता या प्रश्नाच्या मुळाशी येतो, म्हणजे गुळाकडे. २० लिटरला २०० ग्रॅम म्हणजे बरोबर एक टक्का. हे प्रमाण बहुधा तुम्ही जीवामृतातून उचललं असावं: २०० लिटर पाणी, १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन, बांधावरची मूठभर माती. तिथेही गूळ एक टक्काच. अमेरिकेत २००४ च्या सुमारास नेमका हाच प्रश्न घेऊन प्रयोग झाले. कंपोस्ट टीमध्ये मुद्दाम अगदी थोडे ई. कोलाय ओ१५७:एच७ (ई. कोलायचा घातक प्रकार, पुढे नुसतं ओ१५७) आणि साल्मोनेला सोडले आणि उसाची मळी (मोलॅसिस, म्हणजे साखर काढून उरलेला गोड काळा पाक) वेगवेगळ्या प्रमाणात घातली. मळी न घातलेल्या टीमध्ये ते वाढले नाहीत. मळी एक टक्क्यापर्यंत नेल्यावर, मिलिलिटरला एखादा जंतू होता तिथे तीन दिवसांत हजाराच्या घरात गेले, आणि कोंबडीखताच्या कंपोस्टमध्ये साल्मोनेला त्याहून कितीतरी जास्त. नंतर इतरांनी केलेल्या प्रयोगांतही कल तोच दिसला: पंपाने हवा सोडा किंवा नुसतं भिजवून ठेवा, वाढ होते ती प्रामुख्याने वरून घातलेल्या गोड आणि पौष्टिक पदार्थांमुळे.

कारण समजायला अवघड नाही. चांगलं मुरलेलं कंपोस्ट म्हणजे जंतूंच्या दृष्टीने जवळजवळ संपलेलं जेवण. सोपं अन्न आधीच खाल्लं गेलेलं असतं, आणि उरलेल्या चिवट अन्नावर जगायला मातीतले जंतू सरावलेले असतात. आतड्यातून आलेला ई. कोलाय तिथे उपाशी पडतो आणि मागे सरतो. ‘चांगले जंतू वाईटांना दाबतात’ असं म्हणतात ते या अर्थाने खरं आहे, आणि कच्च्यापेक्षा पक्कं कंपोस्ट सुरक्षित असण्याचं एक कारणही हेच. गूळ घातला की ही सगळी शिस्त मोडते, कारण साखर सगळ्यांनाच पचते आणि ई. कोलायला तर फारच वेगाने.

अमेरिकेच्या सेंद्रिय मानक मंडळाच्या कंपोस्ट टी कृतिगटाने २००४ मध्ये याच धर्तीवर भेद केला. नीट तापवलेलं कंपोस्ट आणि पिण्याजोगं पाणी, वरून काही घातलेलं नाही, तर वापराला आडकाठी नाही. मळी, गूळ, यीस्ट असं काही घातलं असेल तर आधी तपासणी हवी: १०० मिलिलिटरमध्ये ई. कोलाय १२६ पेक्षा जास्त नकोत आणि एंटेरोकोकाय (आतड्यातलेच दुसरे जंतू) ३३ पेक्षा. हे आकडे तेव्हा तिथे पोहण्याच्या पाण्याला लावत ते आहेत. तपासणी नसेल तर तो टी कच्च्या शेणासारखाच समजायचा.

जीवामृताचं नाव निघालं म्हणून स्पष्ट बोलतो, नाहीतर कुणीतरी रागावणारच. नैसर्गिक शेतीचे प्रचारक पद्मश्री सुभाष पाळेकरांनी ज्या वापरासाठी ते रूढ केलं, म्हणजे एकरी २०० लिटर, बहुतांशी पाण्याबरोबर जमिनीत, त्या वापराशी माझं भांडण नाही. ऊस, तूर, डाळिंबाची बाग यांच्या जमिनीत दिलेलं जीवामृत आणि ताटात कच्ची येणारी कोथिंबीर यांच्यामध्ये अंतरही असतं आणि वेळही. पण ताजं शेण, गूळ, बेसन आणि दोन-तीन दिवसांचं मुरणं ही कृती रोगजंतूंच्या नजरेने पाहिली तर त्यांना हवं ते सगळं त्यात आहे. ते पुदिन्यावर फवारायला मी सांगणार नाही, कितीही जणांनी आग्रह केला तरी.

पुढचा मुद्दा कंपोस्टचा, आणि इथे बरंच तुमच्या परिस्थितीवर आहे. अमेरिकेच्या सेंद्रिय प्रमाणीकरणात ढिगाने केलेल्या कंपोस्टला ५५ अंशांच्या वर निदान १५ दिवस आणि त्या काळात पाच वेळा उलथापालथ अशी अट असते. बंद भांड्यात किंवा खालून हवा खेळवलेल्या ढिगात ५५ च्या वर ३ दिवस पुरतात. पाच वेळा खालीवर करायचं कारण असं की ढिगाचं पोट तापतं, साल थंडच राहते. सालीतला माल पोटात गेला नाही तर तिथले जंतू सुखरूप राहतात. गच्चीवरचा ५० लिटरचा ड्रम, मडक्यांचा कंपोस्टर किंवा क्रेट इतका तापत नाही. उष्णता धरून ठेवायला ढीगच साधारण एक घनमीटरचा लागतो. घरच्या कंपोस्टमध्ये फक्त भाजीची देठं, फळांची सालं, चहाचा चोथा आणि वाळकी पानं जात असतील तर मुळात रोगजंतू कमीच असणार. पण अंड्याची टरफलं, मटण-चिकन धुतलेलं पाणी, मांजर-कुत्र्याची घाण यांतलं काही जात असेल, किंवा ड्रम उघडा असून त्यावर कबुतरं बसत असतील आणि रात्री उंदीर फिरत असतील, तर ते कंपोस्ट टीसाठी बाद. कबुतरं आणि उंदीर दोघंही साल्मोनेला आणतात. उंदरामागे पावसाळ्यात लेप्टोचा तापही (लेप्टोस्पायरोसिस) येतो. बारीक जाळीचं घट्ट झाकण हा या सगळ्या उत्तरातला सर्वात स्वस्त उपाय आहे.

गोठ्यातलं शेणखत मात्र बादलीतून आजच काढा. ओ१५७ चं मुख्य वसतिस्थान म्हणजे गुरांचं आतडं, आणि गाय अगदी धडधाकट असताना तो त्यात असू शकतो. तुमच्या ओळखीच्या गोठ्यात तो आहे, असं मला म्हणायचं नाही. नाही, हे सांगता येत नाही, एवढंच. ‘जुनं शेणखत’ म्हणून मिळतं ते बहुतेक वेळा उकिरड्यात नुसतं पडून राहिलेलं असतं आणि वरून रोज ताजं शेण पडत असतं. गांडूळखताची स्थिती मधली आहे. गांडुळांच्या पोटातून गेल्यावर रोगजंतू बरेच कमी होतात, हे प्रयोगांत दिसलंय. पण गांडुळं ३५ अंशांपलीकडे जगत नाहीत, म्हणजे तापवण्याची पायरी तिथेही नाहीच. मी गांडूळखत वापरतो, पण आधी नीट तापून गेलेला माल गांडुळांना दिलेला असेल तरच. आणि कच्चा माल उलथायचं फावडं तयार खताला लावत नाही. चांगलं तापवलेलं खत शेवटच्या दिवशी त्या फावड्याने बिघडवणारे लोक कमी नाहीत.

सोसायटीत पालापाचोळ्याचा मोठा हौद असेल तर तिथलं कंपोस्ट घ्या. लांब दांड्याचा, गोल तबकडीचा तापमापक मिळतो. तो हौदाच्या पोटात खुपसून पाहत जा. ५५ च्या वर काटा टिकतोय हे डोळ्यांनी दिसलं की माझ्यासारख्याच्या शब्दावर विश्वास ठेवायची गरज उरत नाही.

आता कुणाच्या ताटात काय जातं ते पाहू. कच्च्या शेणासाठीचा अमेरिकेतला जो सेंद्रिय नियम आहे, तो म्हणतो की खाण्याचा भाग मातीला लागत असेल तर वापर आणि काढणी यांत १२० दिवस, लागत नसेल तर ९० दिवस. कोथिंबीर दीड महिन्यात काढायला येते, पालक त्याच्याही आधी. म्हणजे पालेभाजीच्या बाबतीत नियमाचा सरळ अर्थ ‘वापरू नका’ असा होतो. आंबा, शेवगा, कढीपत्ता, लिंबू, जास्वंद यांच्या बुडाशी टी ओतायला माझी हरकत नाही. टोमॅटो मध्ये येतो: बुडाशी चालेल, फळं धरल्यावर पानांवर फवारणी नको. मेथी आणि पालक शिजवूनच खात असाल तर धोका बराच उतरतो, पण निवडताना तीच जुडी ज्या ताटात, विळीवर किंवा ओट्यावर असते तिथेच काकडी चिरली जाते, हे विसरू नका. कोथिंबीर, पुदिना, कांद्याची पात, सॅलडची पानं कच्ची खायची, त्यांच्यावर कसलीही जंतू वाढवलेली फवारणी करू नये, या मताचा मी आहे. धुतल्याने जंतू कमी होतात, जात नाहीत. पानाच्या खाचाखोचांत ते चिकटून बसतात.

तुमच्या घरात हे जास्त का महत्त्वाचं, तेही सांगतो. ओ१५७ ला आजार करायला शंभरापेक्षा कमी जंतू पुरू शकतात. धडधाकट मोठ्या माणसाचं बहुधा पाच-सात दिवसांच्या जुलाबांवर निभावतं. पाच वर्षांखालच्या मुलांमध्ये मात्र काहींच्या मूत्रपिंडांवर परिणाम होतो. वयस्कर माणसं, गरोदर बायका, केमोथेरपी किंवा स्टिरॉइड चालू असलेले, यांच्या बाबतीतही तीच काळजी. घरात यातलं कुणीच नसतं तर माझं उत्तर थोडं सैल असतं, हे कबूल करतो.

मागच्या आठवड्यात फवारलेल्या कोथिंबिरीचं काय, असंही तुम्ही विचारलंय. ऊन आणि कोरडी हवा यांनी पानांवरचे जंतू मरत जातात, पण आठवड्यात सगळे गेले असं म्हणता येत नाही. ती चटणीत घालू नका. वड्या करा: नीट उकडून, मग तळून. बादलीत सध्या जे आहे ते फुलझाडांच्या कुंड्यांत, मातीत, हातमोजे घालून ओता.

म्हणजे आतापर्यंत ठरलं ते असं: गूळ बंद, शेणखत बंद, जाळीचं झाकण, आणि कच्च्या खायच्या पानांवर फवारणी नाही. एवढ्यावर नव्वद टक्के काळजी मिटते. उरलेलं पद्धतीत.

मी स्वतः हल्ली टी ‘मुरवत’ नाही, अर्क काढतो. स्वच्छ बादलीत नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवायचं, म्हणजे त्यातला क्लोरीन उडून जातो. सकाळी दहा भाग पाण्याला एक भाग पक्कं, चाळलेलं कंपोस्ट मलमलच्या फडक्यात पुरचुंडी बांधून त्यात बुडवायचं आणि दहा-पंधरा मिनिटं दाबत, हलवत राहायचं. पाणी चहाच्या रंगाचं झालं की लगेच झाडांच्या बुडाशी द्यायचं. पंप नाही, गूळ नाही, रात्रभर ठेवणं नाही. विरघळणारी अन्नद्रव्यं आणि कंपोस्टमधले जंतू एवढ्यात पाण्यात उतरतात. वाढायला वेळच मिळत नाही, त्यामुळे जे अर्कात आलं ते फार तर कंपोस्टमध्ये होतं तेवढंच. ‘पण मग जंतूंची संख्या कोटींनी वाढत नाही’ असं म्हणाल, तर हो, नाही वाढत. वाढवण्याचा झाडाला नेमका किती फायदा होतो, याबद्दल प्रयोगांचे निकाल एकमेकांशी जुळत नाहीत. काही ठिकाणी रोग कमी झाला, काही ठिकाणी नुसत्या पाण्याइतकाच परिणाम. तेच कंपोस्ट मूठभर कुंडीत घालून वर वाळक्या पानांचं आच्छादन केलं तर मला दरवेळी फरक दिसतो, आणि आच्छादनामुळे पावसात माती उडून पानांवर बसत नाही, हा वरचा फायदा.

पंप वापरायचाच असेल, मन ऐकतच नसेल, तर नुसतं कंपोस्ट आणि पाणी घ्या, बादली सावलीत ठेवा, उन्हाळ्यात १२ तासांच्या पुढे जाऊ नका आणि पंप बंद केल्यावर तासा-दोन तासांत संपवा. उरलेला बाटलीत भरून ठेवू नका. आणि भांडी धुवा. एअर स्टोनच्या (नळीच्या टोकाच्या, बुडबुडे सोडणाऱ्या सच्छिद्र दगडाच्या) छिद्रांत आणि नळीच्या आत जो बुळबुळीत थर बसतो, तो मागच्या खेपेचे जंतू पुढच्या खेपेला देतो. तो आधी साबण आणि ब्रशने काढायचा. घाणीवर ब्लीच ओतून काही होत नाही. मग पाच टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजेच ब्लीच, लिटरला २० मिलिलिटर घालून दहा मिनिटं, स्वच्छ पाण्याने धुऊन उन्हात कोरडं. व्हिनेगर किंवा टॉयलेट क्लीनर त्यात मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो. एअर स्टोन स्वस्त असतो, बदलत राहिलेलं बरं. पेरॉक्साइड घरात आणून ठेवलंच असेल तर ते इथे, भांड्यांसाठी, ब्लीचमध्ये न मिसळता ब्लीचऐवजी वापरा.

कंपोस्टच्या ड्रमखाली तोटीतून जे काळं पाणी गळतं, त्यालाही बरेचजण कंपोस्ट टी म्हणतात. ते अर्धवट कुजलेल्या कचऱ्याचं पाणी आहे, सगळ्यात कच्च्या थरातून झिरपलेलं. ते भाजीवर अजिबात नाही. दहापट पाणी घालून फुलझाडांना, किंवा सरळ पुन्हा ड्रममध्ये.

राहता राहिली तपासणी. पिण्याच्या पाण्यासाठी मिळणारी ती काळी पडणारी एच२एस बाटली इथे उपयोगाची नाही. ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेत १९८० च्या दशकात ती पद्धत पाण्यासाठी बसवली, आणि पाण्यासाठी ती चांगली आहे. कंपोस्टमध्ये मात्र एच२एस, म्हणजे हायड्रोजन सल्फाइड वायू, सोडणारे निरुपद्रवी जंतू भरपूर असतात, त्यामुळे बाटली काळी पडणारच आणि त्यातून काही कळणार नाही. पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत ई. कोलायची संख्या मोजून मागा; नुसतं ‘टोटल कोलिफॉर्म’ नको, कारण मातीतले कितीतरी जंतू त्यात मोजले जातात. नमुना निर्जंतुक बाटलीत, बर्फावर, त्याच दिवशी पोचवायचा. आणि तो अहवाल त्या एका बादलीचा असतो, पुढच्या आठवड्यातल्या बादलीचा नाही. घरच्या बागेसाठी म्हणूनच मी तपासणीवर पैसे घालत नाही. तेवढ्यात तापमापक येतो.